खोली कुणी दिली?



आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. निळा कोट, टाय, हातात पुस्तक. त्या कोटाचं आपल्याला अप्रूप आहे आणि असायलाच पाहिजे. पण तो कोट ज्या खुंटीला टांगला जायचा ती खुंटी कुठल्या खोलीत होती, हे आपण कधी विचारत नाही. जयंतीच्या भाषणात आपलं एक ठरलेलं वाक्य असतं : बाबासाहेब अमेरिकेला गेले, इंग्लंडला गेले, डिग्र्या घेऊन आले. तीन क्रियापदांत दहा वर्षं उडवून दिली. झालं!

मधलं काय झालं? परक्या मुलखात पहिल्या आठवड्यात हा माणूस कुठं झोपला? काय खाल्लं? खिशातले पैसे किती दिवस पुरवले? शेजारी कोण होता? पंडित लोक म्हणतील, हे क्षुल्लक प्रश्न आहेत, इतिहास असा लिहीत नाहीत. खरं आहे. ज्यांना सात पिढ्यांचा वाडा आहे त्यांना खोली हा इतिहासाचा विषय वाटत नाही. आपल्याला वाटला पाहिजे. आपला निम्मा इतिहास ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : खोली कुणी दिली आणि कुणी नाकारली?

म्हणून मी इथं पदव्यांवर लिहीत नाही. बाबासाहेबांच्या बिऱ्हाडांवर लिहितोय.

१

साल १९१३. फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले. डोक्यावरचं छत्र गेलं. जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घ्यायची, कोलंबिया विद्यापीठात शिकायचं आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस.

शिष्यवृत्ती किती? महिना साडेअकरा पौंड. त्या वेळच्या भावानं हिशेब मांडा. पौंडाला पंधरा रुपये धरले तर एकशे साडेबहात्तर रुपये. परळच्या चाळीत ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ. पण न्यूयॉर्कला रुपया चालत नाही. पौंडाचे डॉलर केले की हातात यायचे छप्पनच्या आसपास. त्यात राहणं, खाणं, पुस्तकं, थंडीचे कपडे, आणि त्यातूनच घरी पाठवायचे. परदेशात गेलेल्या गरिबाच्या पोराचं पहिलं शिक्षण हेच असतं. एका पैशाकडं दोन देशांच्या डोळ्यांनी बघायचं. इथं एक कप कॉफी प्यायली की तिकडं घरात काय कमी पडलं, हे डोक्यात सारखं चालू.

पहिलं बिऱ्हाड विद्यापीठाच्या हार्टली हॉल ह्या वसतिगृहात. तिथं ते आठवडाभरच टिकले. चरित्रकारांनी कारण नोंदवलंय : जेवण नीट शिजवलेलं नसायचं आणि त्यात गोमांस असायचं. इथं जरा थांबा. ज्या जातीला गावानं मेलेली ढोरं ओढायला लावली आणि वर त्याच मांसावरून हिणवलं, त्या जातीतला हा पोरगा. पण घर कबीरपंथी. रामजी सुभेदारांच्या शिस्तीतलं. त्या घरात वाढलेली जीभ समुद्र ओलांडला म्हणून एका आठवड्यात बदलत नसते. नवख्या माणसाची ही पहिली अडचण, आणि ती मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही चुकत नाही. मला तर हा आठवडा फार जवळचा वाटतो. पुतळ्याला भूक लागत नाही. माणसाला लागते.

मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, वेस्ट ११४ व्या रस्त्यावर. तिथं काही हिंदी विद्यार्थी राहायचे. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली मिळाली. त्या खोलीतला जोडीदार नवल भथेना, मुंबईचा पारशी. ही दोस्ती जन्मभर टिकली. पुढं लंडनचं शिक्षण अडलं तेव्हा पैसे उसने देणारा हाच भथेना. हे नाव लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम पडणार आहे.

खाणं तरी काय होतं? कॉफी, दोन मफिन, एखादी मांसाची नाहीतर माशाची बशी. बाकी भूक पुस्तकांवर भागवायची. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद झालेली आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक धडे. आता हा कुणी पगारी पंडिताचा मुलगा नव्हता की पुढच्या वर्षी राहिलेलं वाचू म्हणेल. शिष्यवृत्तीची मुदत घड्याळासारखी डोक्यावर टिकटिकत होती. मुदतीचा माणूस असाच वाचतो.

आता खरी गोष्ट. थंडी, भाषा, जेवण, पैसा, एकटेपणा, परक्या देशात गेलेल्या प्रत्येकाला जे भोगावं लागतं ते सगळं त्यांच्याही वाट्याला आलं. पण एक ओझं तेवढं पाठीवरून उतरलं. साताऱ्याच्या शाळेत हा पोरगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. न्यूयॉर्कला वाचनालयातल्या कुठल्याही खुर्चीवर बसता येत होतं. पाण्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. खोलीत येणाऱ्यानं आडनाव विचारून मग पाय आत टाकला, असं होत नव्हतं.

पुढं स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बघा, ही केवढी मोठी कबुली आहे! परका देश पाच वर्षांत परका राहिला नाही. परकेपणाला मुदत असते. रोज थोडं थोडं ते झिजतं. रस्ते पाठ होतात, दुकानदार ओळखतो, दोस्त मिळतो. नवखा जुना होतो. हा सगळ्या जगाचा नियम आहे.

एका मुलखात मात्र हा नियम चालत नाही. तिकडं मी येणारच आहे.

२

त्याआधी एक. आपल्यातले काही भाबडे मित्र अमेरिकेचं नाव निघालं की आरतीच ओवाळायला लागतात. त्यांच्यासाठी लिहितो.

कोलंबिया विद्यापीठ टेकाडावर आणि टेकाडाच्या पायथ्याला हार्लेम. बाबासाहेब तिथं होते त्याच वर्षांत हार्लेममध्ये काळ्यांची वस्ती वाढत होती. दक्षिणेतल्या जुलमातून पळून आलेली माणसं. आपल्याच देशात नवखी. बाबासाहेब पोचले त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सनच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात झाली. म्हणजे आपल्या पोराला जी खुर्ची मिळाली, तीच खुर्ची त्या देशाच्या स्वतःच्या लेकरांकडून काढून घेतली जात होती. गुलामी संपली असं घटनेच्या दुरुस्तीत लिहून तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. कागदावरचा हक्क आणि रस्त्यावरचा हक्क ह्यांत किती अंतर असतं, हे अमेरिकेत शिकता येत होतं. बाबासाहेबांनी पुढं गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची तुलना सविस्तर मांडली. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडं पाठवलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते काही आभाळातून पडलं नव्हतं.

आणि हिंदी माणसाला तरी अमेरिका सरळ घेत होती का? नाही. १९१७ च्या कायद्यानं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना दारं बंद झाली. त्यानंतरचा एक खटला तुम्हाला माहीत पाहिजे. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी शीख गृहस्थ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. त्या काळी बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना, नाहीतर आफ्रिकी वंशाच्या माणसांना. तर त्यांच्या बाजूनं युक्तिवाद काय झाला? की हे उच्च जातीचे आहेत, आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत! इथला उच्चवर्णीय खालच्या जातीशी सोयरीक टाळतो, तसाच गोरा काळ्याशी टाळतो, तेव्हा आपण एकाच पंगतीतले, असा त्याचा मथितार्थ. १९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा दावा फेटाळला. म्हणाले, तुम्ही काही गोरे नाही.

ह्यात थिंड ह्या एका माणसाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. नागरिकत्वासाठी बुडता माणूस काडीला धरतो. पण काडी कसली धरली ते बघा. बोटीवर चढताना माणूस भांडीकुंडी मागं ठेवतो, जात गाठोड्यात बांधून नेतो. आणि अडचण आली की सगळ्यांत आधी तेच गाठोडं सोडतो.

आपल्या बाबासाहेबांनी बोटीत नेलं होतं ते निराळंच. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझरांच्या परिसंवादात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला : भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ. लोक परदेशात जातीचा टेंभा मिरवत होते तेव्हा ह्या पंचवीस वर्षांच्या पोरानं जात टेबलावर ठेवली आणि चिरून दाखवली. नवखा माणूस परक्या देशात काय करतो, ह्यावर त्याची उंची ठरते.

३

१९१६ साली न्यूयॉर्कहून लंडन. तिथं अर्थशास्त्राची शाळा आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज् इन. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अर्धवट टाकून परत यावं लागलं. मागून बोटीनं येणारी पुस्तकं महायुद्धात पाणतीराच्या हल्ल्यात समुद्राला मिळाली. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं! ऑगस्टमध्ये मुंबई. आणि करार होता म्हणून सप्टेंबरात बडोदं.

आता त्या मुलखाकडं आलो.

बडोद्याला जायचं ठरलं तेव्हा त्यांच्यापुढं पहिला प्रश्न उभा राहिला तो कामाचा नव्हता. राहायचं कुठं? न्यूयॉर्कला उतरताना हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, बघा. तिथं पैसे असले की खोली होती. इथं हातात कोलंबियाची एम.ए. होती, संस्थानची नोकरी होती, भाषा येत होती, हवा ओळखीची होती. फक्त खोली नव्हती. हिंदू खाणावळीत जायचं तर खोटं नाव सांगावं लागेल आणि उघडकीस आलं तर मार. शेवटी पारशी धर्मशाळेत गेले. तिथंही पारशी नाव लावूनच जागा मिळाली. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर माणूस नाही, दिवा नाही. अडगळ भरलेली. कंदिलाच्या उजेडात पुस्तक उघडून बसायचं आणि एकटेपणा विसरायचा प्रयत्न करायचा.

अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले. तू कोण? धर्मशाळा बाटवली! संध्याकाळपर्यंत चालता हो. मग दोन ओळखीच्या माणसांकडं विचारणा. एक हिंदू. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरा ख्रिस्ती. त्यानं बायकोचं नाव पुढं केलं. घर मूळचं ब्राह्मणाचं, धर्म बदलला तरी सोवळं सुटलं नव्हतं. उरलेला वेळ कमाठी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली.

आता भथेनाला आठवा. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये एका खोलीत राहणारा, उशाला उशी लावणारा, पुढं पैसे देणारा भथेना पारशी. आणि काठी घेऊन उभे राहिलेले तेही पारशी. एकच धर्म, एकच अग्यारी. तिकडं दोस्ती, इकडं दंडुका. ह्याचा अर्थ काय लावायचा? पारशी वाईट की पारशी चांगले, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्या जमिनीवर जात उभी आहे तिथं जातीबाहेरचा माणूसही जात पाळायला लागतो. पारशी पाळतो, मुसलमान पाळतो, ख्रिस्ती पाळतो. ही बडोद्याची शिकवण बाबासाहेबांनीच आपल्याला सांगितली : हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य. आणि उलटही खरं आहे. ती जमीन पायाखालून काढली की माणसाला माणसाशी दोस्ती करायला फार कष्ट पडत नाहीत.

आपल्या चळवळीत अजून कुणी ‘अमक्या समाजाचे लोक तसलेच’ असं बोलायला लागलं, तर त्याला ह्या दोन पारशांची गोष्ट सांगत जा.

४

एवढं होऊन हा माणूस पुन्हा परदेशात गेला. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. भथेनानं कर्ज दिलं. १९२० च्या जुलैत पुन्हा लंडनची वाट.

ह्या वेळी कुणाची शिष्यवृत्ती नव्हती. म्हणून लंडनची बिऱ्हाडं न्यूयॉर्कपेक्षा कडक. घरमालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा, त्याच्याबरोबर जॅम नाहीतर माशाचा एखादा लहान तुकडा. ह्यावर दिवसभर ग्रंथालयात. ब्रिटिश म्युझियम, इंडिया ऑफिस, विद्यापीठ. दुपारचं जेवण बहुतेक बुडीत खात्यात. रात्री भूक लागली की मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानं दिलेले पापड टिनच्या पत्र्यावर भाजायचे आणि वर कपभर दूध. लंडनच्या थंडीत त्या खोलीत पापडाचा वास कसा दरवळत असेल! त्या पापडावर अर्थशास्त्र उभं राहिलं, मित्रहो. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. जो पोरगा न्यूयॉर्कला रुपयाचे डॉलर करताना घाम पुसत होता, त्यानं रुपयाची नाडी साम्राज्याच्या राजधानीत बसून तपासली.

त्यातलं एक बिऱ्हाड किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरचं घर. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. शेजारपाजारच्यांनी हरकती घेतल्या, वस्तीत संग्रहालय नको म्हणून. तिथल्या नगरपालिकेनं परवानगी नाकारली. चौकशी झाली आणि २०२० साली परवानगी मिळाली. खोलीचा प्रश्न माणूस गेल्यावरही सुटत नाही, तो असा.

पण खोलीचा इतिहास लिहायचा तर दोन्ही टोकं लिहायला पाहिजेत. एक टोक लंडनला, दुसरं परळच्या बी.आय.टी. चाळीत. तिथं रमाई होत्या. परदेशात रुळण्याची किंमत एकटा जाणारा देत नसतो. मागं राहिलेली बाई ती देते. रमाईनं गोवऱ्या थापून संसार ओढला, लेकरांची आजारपणं काढली, ह्या आठवणी आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. पदवीच्या कागदावर एकच नाव छापतात. आपण तरी दोन वाचावीत.

५

१९३५-३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी हातानं लिहून ठेवल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली त्या छापल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ म्हणजे व्हिसाची वाट बघत. त्यात काय असेल असं तुम्हाला वाटेल? न्यूयॉर्कचं बंदर? लंडनची कचेरी? त्यातलं काहीच नाही. त्यात आहे मसूरचं स्टेशन, लहानपणी गाडीवानानं महाराची पोरं म्हणून बसवून घेतलं नाही ती गोष्ट. त्यात बडोद्याची धर्मशाळा आहे. चाळीसगाव आहे. तिथं १९२९ साली टांगेवाला बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला तयार होईना, मग आपल्याच एका अडाणी माणसानं हाकला आणि टांगा मोरीवरून कोसळला. दौलताबादचा हौद आहे. परदेशाचं नाव फक्त तुलनेपुरतं.

मग व्हिसा कसला? मी ह्या नावावर खूप वेळा विचार केलाय. व्हिसा म्हणजे वेशीतून आत जायचा परवाना. आणि वेस कुणाला माहीत नाही? महार येसकर वेशीची राखण करायचा. कोण आला, कोण गेला ते बघायचा. वेस सांभाळायची आम्ही आणि वेशीच्या आत राहायला मज्जाव आम्हालाच. घर गावकुसाबाहेर. न्यूयॉर्कच्या बंदरात कागद दाखवला की आत. ह्या गावात हजार वर्षं राबून परवाना नाही. नवखा पाच वर्षांत जुना होतो असं मी वर म्हटलं. ह्या मुलखात मात्र आपला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नवखाच राहिला. परका देश कुठला आणि आपला कुठला, हे बाबासाहेबांनी त्या चार शब्दांच्या नावातच सांगून टाकलंय.

६

हे सगळं आज कशाला उगाळायचं? त्याला कारण आहे.

आपली पोरं आज शिष्यवृत्त्या घेऊन बाहेर जातायत. राज्य सरकारची शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, केंद्राची राष्ट्रीय योजना १९५४ पासून आहे. जाण्याआधी ती माझ्यासारख्याकडं येतात आणि विचारतात, काय घेऊन जाऊ, कुठं राहू, थंडीचं काय. आणि एक प्रश्न हळूच विचारतात : तिथं आपल्याकडची लोकं असतात, खोलीत आडनाव कळलं तर?

हा प्रश्न आधीच्या पिढीला हसू आणील. लंडनला कुठली आली जात? पण श्री. व्यं. केतकरांनी १९०९ साली लिहिलं होतं की हिंदू पृथ्वीवर इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात ते मुद्दाम उद्धृत केलं. तसंच झालं. पंजाबातले आपले बांधव दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या ओतशाळांत आणि कारखान्यांत गेले आणि सवर्णांच्या वागण्याला कंटाळून त्यांनी रविदासांच्या नावाची वेगळी देवस्थानं उभी केली, बाबासाहेबांच्या नावाच्या संघटना काढल्या. तिथल्या समानतेच्या कायद्यात २०१० साली जातीला जागा करून ठेवली, २०१३ साली ती भरणं सरकारवर बंधनकारक केलं, आणि २०१८ साली सरकारनं हात झटकले. म्हणे कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. अमेरिकेत २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही त्याच वर्षी विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरात गव्हर्नरनं नकाराधिकार वापरला. भांडण चालू आहे. भांडण आहे म्हणजेच जात पोचली आहे.

आणि इकडं? २०२२ साली केंद्राच्या त्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम घुसवलं. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास ह्या विषयांना ही शिष्यवृत्ती नाही! आता ह्या तागडीत बाबासाहेबांना घालून बघा. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारताच्या व्यापारावर. गेला. जातीच्या उगमावरचा निबंध. तोही गेला. राजेशाहीतल्या सयाजीरावांनी जे अडवलं नाही ते लोकशाहीतल्या कलमानं अडवलं. बाहेर जा, पण तिथं बसून घरचं गाठोडं सोडून दाखवू नका, एवढाच त्या कलमाचा अर्थ मला लागतो. पोटापुरतं शिका, पण आरसा धरू नका.

७

मग आपण काय करायचं? बाबासाहेबांनी काय केलं ते बघू.

१९२३ च्या एप्रिलमध्ये ते लंडनहून परत आले. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. आणि त्या सभेनं आधी काय उभारलं? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तळ्याच्या पाण्याच्या आधी खोली आली! खेड्यातून शहरात आलेला आपला पोरगा हा सुद्धा परक्या देशातच आलेला असतो. त्याला भाषा वेगळी, खाणावळ बंद, भाड्याची खोली नाही. त्याला पहिले दिवस निभवायला छप्पर पाहिजे, हे ज्यानं हार्टली हॉलचा आठवडा काढला आणि बडोद्याचे अकरा दिवस काढले त्याच्याइतकं कुणाला कळणार? पुढं १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, जे पुढं मिलिंद झालं. कॉलेजच्या इमारतींइतकंच वसतिगृहांचं महत्त्व आहे. आपली लेखक-कवींची अख्खी पिढी त्या खोल्यांतून आली. एका खोलीत चारजण, एक दिवा, एक वर्तमानपत्र सगळ्यांत मिळून. तिथं पोरांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही.

आमच्याकडं काही कार्यकर्ते वसतिगृहाचं काम हलकं समजतात. मोर्चा म्हणजे क्रांती आणि गादी-सतरंजीची व्यवस्था म्हणजे समाजसेवा, अशी त्यांची वाटणी. मला ती मान्य नाही. खोली देणं हे राजकारण आहे. ज्याला कुणी ठेवून घेत नाही त्याला ठेवून घेणं म्हणजे व्यवस्थेच्या वर्मावर बोट ठेवणं. बडोद्यात त्या दिवशी एका माणसानं दार उघडलं असतं, फक्त एका, तर तो दिवस वेगळा झाला असता. कुणी उघडलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बाहेर गेलेल्या आपल्या प्रत्येकानं मागून येणाऱ्या नवख्यासाठी पहिले पंधरा दिवस स्वतःच्या खोलीत जागा ठेवावी. पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक शाखेनं गावाकडून येणाऱ्या पोरापोरींसाठी, होय, पोरींसाठीसुद्धा, कारण भाड्याच्या खोलीचं दार त्यांच्यापुढं दोनदा बंद होतं, एक पत्ता तयार ठेवावा. शिष्यवृत्तीचं ते कलम निघेपर्यंत निवेदनं, मोर्चे, कोर्ट, जे जमेल ते करावं. आणि ज्या वसतिगृहांची छपरं गळतायत, ज्यांच्या संडासाला दार नाही, त्यांच्यासाठी आपल्याच नेत्यांच्या गचांड्या धरायला लाजू नये. जयंतीच्या मांडवावर जो खर्च होतो त्यातला चौथा हिस्सा तिकडं वळवा, एवढं जरी केलं तरी पुष्कळ खोल्यांत दिवा लागेल.

उद्या कुणी इतिहास लिहायला बसला आणि त्यानं आपल्याबद्दल हाच प्रश्न विचारला, नवा पोरगा आला होता, खोली कुणी दिली? तर त्याला उत्तरात एखादा तरी पत्ता सापडला पाहिजे.

जय भीम.